वल्ह्याची मूठ

बद्रीनाथला ‘बद्री’ म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं आणि ते फुलंब्रीला राहत होतं. बाकी बजाजनगरात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. वाळूजच्या एका कारखान्यात त्यानं तीस वर्षं गाड्यांना रंग मारला. पुढं तिथं यंत्राचे हात आले, मिस्त्रीच्या हाती शाल-नारळ आला, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो मिळेल ते रंगवू लागला. कुणाचं कपाट, कुणाच्या मोटारसायकलची टाकी. काम लहान असो की मोठं, परीक्षा एकच. वाळलेल्या रंगात छताची ट्यूबलाइट बघायची. ती सरळ दिसली तर काम झालं. तिच्या कडा थरथरल्या तर रंगाला संत्र्याची साल आली म्हणायचं, सगळं घासून काढायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

आणखी एक वेड त्यानं कारखान्यातून घरी आणलं होतं. तिथं तपासनीस खडू घेऊन फिरायचा आणि मोहरीएवढी जागा कोरी दिसली तरी तिच्याभोवती गोल काढून माल परत पाठवायचा. तो गोल बघून बघून, कोरी जागा म्हणजे गुन्हा, हे मिस्त्रीच्या हाडात मुरलं होतं. घराच्या दाराची कडी त्यानं एकदा आतूनबाहेरून अशी रंगवली की दोन दिवस ती कोयंड्यात जाईना. द्वारकाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, दाराला पाटा लावून ते दोन दिवस काढले आणि शेजारणींना सांगितलं की आमच्याकडं चोरानंही रंग वाळल्यावरच यावं.

अशा माणसाकडं होडीचं काम आलं कसं, हे सांगायचं तर त्या फुलंब्रीच्या माणसाकडं गेलं पाहिजे.

भागूबाई ही त्याची थोरली बहीण. त्यांचं गाव आंबेटाकळी, गोदावरीच्या काठचं. आता ते नाथसागराच्या पाण्याखाली आहे. धरणाचं पाणी गावात शिरलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात भागूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वय सतरा. मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळण्यात घातलं, नाव गोदा ठेवलं, आणि सातव्या आठवड्यात तापानं ती गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बायका जात नाहीत. वडिलांनी ते गाठोडं छातीशी धरलं, शेजारचे एक काका कुदळ घेऊन पुढं झाले, आणि मागं आठ वर्षांचा बद्री चालला. त्याच्या हातात खड्या मिठाचं फडकं होतं. भागूबाई उंबऱ्यात उभी राहिली. पंधरा दिवसांनी नवरा येऊन तिला घेऊन गेला, आणि पुढच्या खेपेला ती माहेरी आली तेव्हा माहेर धरणग्रस्तांच्या पत्र्यांत होतं. लेकराची जागा तिनं कधी बघितलीच नाही. वडील गेले, कुदळवाले काका गेले. ती जागा ठाऊक असलेला जगात एकटा बद्री राहिला.

पंचेचाळीस वर्षं या गोष्टीचा दोघांत शब्द निघाला नाही. भागूबाईला नंतर दोन मुलगे झाले, नातवंडं झाली, नवरा वारला, गुडघे गेले. तिच्या सासरी म्हणत, गेलेलं पोर मोजत नसतात. तिनंही मोजलं नाही, निदान मोठ्यानं तरी नाही. मग गेल्या भाऊबीजेला ती बजाजनगरात आली, भावाला ओवाळलं, आणि त्यानं ताटात साडी ठेवली तर तिनं ती हळूच बाजूला सारली.

“साडी नगं, बद्री,” ती म्हणाली. “मला एकदा गोदापाशी ने.”

ओवाळणीला नाही म्हणायचं नसतं. शिवाय बद्रीनाथला नाही म्हणायचंही नव्हतं. अडचण एवढीच की जागा त्याला आठवत होती ती आठ वर्षांच्या पोराच्या पायांनी. मारुतीच्या देवळाच्या मागून निघायचं, नदीकडं तोंड करून चालायचं, दोनशे दहा पावलांवर एक कडुनिंब, त्याच्या बुडाशी. मीठ जड होतं म्हणून त्यानं पावलं मोजली होती.

दुसऱ्याच दिवशी तो मोटारसायकल काढून धरणाच्या काठाला गेला. तिथं कडूबा भोई भेटला, साठीचा, मासेमारीवर जगणारा. जुन्या आंबेटाकळीच्या मारुतीवर पाणी कुठं येतं हे त्याला डोळे मिटून ठाऊक होतं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की शिखर दिसतं, तिथं त्याची जाळी अडकायची. पण माणसं न्यायला तो तयार होईना. होडीत परकं माणूस घ्यायचं नाही, असा त्यांच्या मच्छीमार सोसायटीचा नियम. बद्रीनाथनं सगळं सांगितलं, मिठासकट. कडूबा बराच वेळ त्या मोटारसायकलच्या टाकीकडं बघत राहिला. टाकीत त्याचं तोंड दिसत होतं, दाढीच्या खुंटांसकट. ही कुणी रंगवली, त्यानं विचारलं. मग त्यानं तोड काढली. त्याच्या घराची रीत होती की डागडुजी होऊन होडी पाण्यात उतरली की पहिल्या फेरीत ज्यांनी तिला हात लावला ती माणसं घरच्यांसकट बसवायची, सुतार असो की लोहार. त्याला सोसायटी काही म्हणत नसे. होडीच्या अंगाला डांबर तो स्वतः लावणार होता. दोन वल्ही, बसायच्या दोन फळ्या आणि सुकाणूचं पातं मिस्त्रीनं रंगवावं, आणि पहिल्या फेरीत बहिणीला घेऊन बसावं.

“पर एकच फेरी,” कडूबा म्हणाला. “आन् तिथं एका बिडीपुरतं थांबंन. धा वाजता वारा उठतो.”

एका बिडीपुरतं. एवढ्यासाठी कार्तिक सरेपर्यंत आणि मग अख्खा मार्गशीर्ष बद्रीनाथ शेडमध्ये बसला.

लाकडावर त्यानं आजवर फारसं काम केलेलं नव्हतं. पत्रा गप्प असतो, लाकूड पाणी पितं, हे त्याला पहिल्या आठवड्यात कळलं. मग त्यानं फळ्यांच्या तोडलेल्या कडा जवसाच्या तेलानं भरल्या, कारण पाणी शिरतं ते तिथून. जुना रंग खरवडला. घासायचा पेपर मारला, आधी जाडा, मग बारीक, मग पाण्याचा. जिथं लाकूड दबलं होतं, झिजलं होतं, तिथं लांबीची लुगदी भरून पृष्ठभाग तळहाताखाली एकसारखा केला. वल्ह्यांच्या मुठी तर फारच खराब होत्या. दोन्हींवर बोटांएवढे खळगे पडलेले, जणू उंदरानं कुरतडलेलं. तिथं त्यानं तीन वेळा लांबी भरली आणि मूठ अशी साफ केली की डोळे झाकून बोट फिरवलं तर कुठं अडू नये.

रंगाच्या दिवशी घरात फोडणी बंद. तेलाची वाफ हवेत असली तर रंगावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उठतात, हे त्याचं म्हणणं. पहाटे जमिनीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ बसते, आणि मग वारा पडलेला असतो तेवढ्या तासाभरात रंगाची गन चालवायची. द्वारकाबाई दही-भाकरी पुढं सरकवत म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईंनीसुद्धा सोवळं इतकं पाळलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा दही-भाकरी झाली तेव्हा त्या शेडच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अति तिथं माती व्हती, मिस्त्री. पाण्यात टाकायच्या लाकडाला एवढा साज?” त्यानं तोंडावरचं फडकं काढलं नाही. पण त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंनी आपलं जुनं मऊ पातळ फाडून धूळ टिपायला त्याला तुकडे करून दिले.

रंगाचा एक हात मारला की दुसऱ्याआधी तो वाळायची वाट बघावी लागते. खरं काम तेच, असं बद्रीनाथ म्हणायचा. शेडमध्ये स्टूल टाकून तो बसायचा. थिनरचा वास, पत्र्यावर तापत जाणारं ऊन, फळ्या ओल्या आणि त्यांना हात लावायचा नाही. हळूहळू वाळूजच्या भोंग्यांचा आवाज दूर जायचा आणि आंबेटाकळी जवळ यायची. ती कधी सबंध येत नसे. एखादी भिंत यायची, तिच्यावर वाळत घातलेलं धोतर. घाटाची ओली पायरी. मारुतीच्या देवळामागची वाट, आणि वडिलांची पाठ. रंग त्यानं निळा ठरवला होता, पण मिसळता मिसळता तो निळाही राहिला नाही आणि हिरवाही झाला नाही. त्या दिवशी निंबाच्या पलीकडं नदी जशी दिसली होती तसा झाला. डब्यात काडी फिरवताना त्याला ते कळलं आणि तो तिथंच थांबला. आणखी एक थेंबही त्यानं त्यात टाकला नाही.

दुपारी कधी कधी तो गल्लीत येऊन आठ वर्षांच्या पोराची पावलं टाकायचा. लहान, घाईची, हातात ओझं असल्यासारखी. दोनशे दहा मोजली की कुठं पोचतो ते बघायचं. एकदा तो पिठाच्या गिरणीशी पोचला, एकदा त्याच्या अलीकडं खांबाशी. जड चालू की हलकं, हेच ठरेना. मिस्त्रीला रंग चढला की काय, असं गल्ली म्हणू लागली. खांब आणि गिरणी यांच्यात वीस-पंचवीस हात अंतर होतं. एवढ्या पाण्यात वीस-पंचवीस हात म्हणजे काहीच नाही, असं तो मनाला सांगायचा. पण मन ऐकायचं नाही. आक्का विचारणार, इथंच का? आणि तिला खोटं सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

पौष लागला तेव्हा काम झालं. शेडमध्ये पाच वस्तू ओळीनं मांडल्या होत्या आणि पाचांतही ट्यूबलाइट दोरीसारखी सरळ होती. एक ओघळ नाही, एक कण नाही, मोहरीएवढी जागा कोरी नाही. तीस वर्षांत त्याच्या हातून असं काम उतरलं नव्हतं, आणि बघायला तपासनीस नव्हता याचं त्याला पहिल्यांदा वाईट वाटलं.

त्यानं टेम्पोतून गोधडीत गुंडाळून माल काठावर नेला. कडूबानं वल्हं उचललं, उलटं केलं, त्यात आभाळ बघितलं. मग त्याचा हात मुठीवर गेला आणि तिथं थांबला. बोटं काहीतरी शोधत असल्यासारखी पुढंमागं झाली. त्यानं मान खाजवली.

“एवढं कशाला केलं, मिस्त्री,” एवढंच तो म्हणाला. बद्रीनाथनं ते कौतुक समजून घेतलं.

ठरल्या सकाळी धुकं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. भागूबाईला दोघांनी धरून होडीत बसवलं. ती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, रिकाम्या हातानं आली होती. सोबत काय आणावं हे तिला सुचलं नव्हतं, असं ती म्हणाली. फळीवर बसताना तिनं रंगाला हात लावला आणि हे तू केलंस का रे, असं विचारलं. कडूबानं पाण्याला हात जोडले, होडी ढकलली आणि वल्ही हातात घेतली.

काठ दिसेनासा झाला. कडूबा अंदाजानं चालला होता, कधी मागच्या टेकडीची पुसट रेघ बघून, कधी नुसतं पाणी बघून. वल्ह्याचं पातं पाण्यातून वर यायचं तेव्हा त्याचा रंग आणि पाण्याचा रंग वेगळा करता यायचा नाही. बद्रीनाथला वाटलं, आपण शेडमध्येच बसलो आहोत आणि रंग वाळायचा आहे.

“मारुती,” कडूबा खाली बोट दाखवून म्हणाला.

खाली काहीच नव्हतं. हिरवट पाणी आणि त्यात धुकं. बद्रीनाथनं नदीची दिशा विचारली, कडूबानं मानेनं दाखवून होडी तिकडं वळवली, आणि मग बद्रीनाथ मनातल्या मनात पावलं मोजू लागला. मीठ, वडिलांची पाठ, कुदळीचा आवाज. दीडशे. एकशे ऐंशी. दोनशेच्या पुढं त्यानं हात वर केला. कडूबानं वल्ही थांबवली आणि कानावरची बिडी काढून पेटवली.

भागूबाईनं भावाकडं बघितलं. “हितंच का रं?”

गल्लीतला खांब आणि गिरणी त्याच्या डोळ्यांपुढून गेली. तिच्या तोंडाकडं बघून त्याला खोटंही बोलवेना आणि खरंही. “हितंच कुठंतरी, आक्का,” तो म्हणाला. “निंब व्हता. त्याच्या बुडाशी. मी मीठ धरलं व्हतं.”

तिनं मान हलवली. एवढ्या वर्षांत तिला मिठाचं कुणी सांगितलं नव्हतं. ती वाकून पाण्याकडं बघत राहिली आणि तिला काय बोलावं ते सुचेना. बिडी मात्र जळत होती. बिडीला काय, ती आपल्या वेळानं जळते. थोटूक पाण्यात पडलं आणि कडूबानं वल्ही उचलली.

येताना उडालेल्या पाण्यानं त्याचे हात ओले झाले होते. त्यानं नेट लावून वल्हं ओढलं आणि उजवी मूठ हातातून अशी सुटली की तो मागं गेला. गुळगुळीत फळीवरून घसरून होडीच्या तळात बसला. वल्हं खुंटीच्या दोरीला लटकत राहिलं. तो उठला, हात धोतराला पुसले, पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा डावं सुटलं. होडी अर्धवट वळली आणि आपल्या मनानं हळूहळू वाहू लागली.

बद्रीनाथला सगळं एकदम कळलं आणि त्याचं तोंड उतरलं.

“मूठ रंगवत नसत्यात, मिस्त्री,” कडूबा म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यानं ते जास्त लागलं. “तिला नुसता हात लागतो. ही वल्ही माझ्या बाची. त्याची बोटं बसून बसून खळगं पडलं व्हतं. मग त्यात माझी बसली. तुम्ही बुजवलं.”

“तवाच का नाय सांगितलं?”

“दोन महिनं बसला व्हता तुम्ही. कसं सांगू?”

शरमेनं माणसाला पाण्यात उडी मारावीशी वाटते, पण इथं खाली आंबेटाकळी होती. बद्रीनाथनं कडूबाकडून जाळं कापायचा चाकू मागून घेतला, उजवं वल्हं मांडीवर ओढलं आणि मुठीवर पातं टेकवलं. त्याचा हात एक क्षण अडला. धुक्यातल्या उजेडाची रेघ त्या मुठीत अगदी सरळ पडली होती. मग त्यानं खरवडलं.

वरचं लॅकर निघालं, चकचकीत साल निघाली. खालचा रंग निघाला. लांबी भुकटी होऊन मांडीवर पडू लागली. आपलंच काम मोडायला लागतो तेवढा वेळ ते करायलाही लागत नसेल, कारण खालच्या लाकडाला चाकू लागू द्यायचा नव्हता. एका खळग्याची कड दिसली. मग दुसऱ्याची. तो बोटानं चाचपत, फुंकर मारत, एकेक बोटाची जागा मोकळी करत होता. कडूबा वाकून बघत होता. वारा अजून उठला नव्हता. होडी फिरत फिरत जात होती, कधी खांबाकडं, कधी गिरणीकडं, आणि बद्रीनाथच्या मनात आलं की अशा वाहण्यात आपण त्या निंबावरून नक्की जाऊ, कदाचित गेलोही असू.

आणि मग मागून भागूबाईचा आवाज आला. ती बोलू लागली होती. पाण्याशी नाही, मांडीशी कुणी बसलं असावं तशी. तिनं गोदाला आधी भावांची नावं सांगितली. थोरल्याचं लग्न कुठं झालं, धाकट्यानं कसा त्रास दिला आणि आता तोच कसा पाय चेपतो. तुझे वडील वाईट नव्हते गं, पण त्यांना बोलता येत नव्हतं. तुला एक भाची आहे, तिच्या हनुवटीवर तुझ्यासारखीच खळी आहे, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन करणार आहेत, त्याची भीती वाटते. मी त्या दिवशी उंबऱ्यात उभी होते; तुझ्या मागं आले नाही, मला येऊ दिलं नाही. मध्येच ती थांबायची, जणू समोरून काही विचारलं गेलं, आणि मग त्याचं उत्तर द्यायची. कडूबानं तोंड दुसरीकडं वळवलं होतं. बद्रीनाथला रडू येत होतं आणि त्यानं ते येऊ दिलं, हात मात्र थांबवला नाही.

उजवी मूठ झाली. त्यानं डावी घेतली. तीही हळूहळू उघडी झाली. शेवटची लांबी निघाली, त्यानं बाहीनं मूठ पुसली, आणि कडूबानं पुढं होऊन हात घातला. बोटं बरोबर खळग्यांत बसली. धुकं पातळ होत होतं आणि पाण्यावर पहिली सुरकुती आली होती.

बोलणं तुटलं. “झालं का रं, बद्री?” भागूबाईनं विचारलं.

“झालंच, आक्का.”

मग हळू आवाजात, लहान भावाकडं काही मागायची सवय नसलेल्या बाईनं मागावं तसं, ती म्हणाली, “आजून थोडं खरवड ना.”

बद्रीनाथनं कडूबाकडं बघितलं. कडूबानं मुठीवरचा हात काढून घेतला आणि दुसरी बिडी शोधू लागला. बद्रीनाथनं चाकू उलटा धरला आणि त्याच्या बोथट पाठीनं तो त्या कोऱ्या लाकडावर खरवडत राहिला.